पार्किंगमध्ये इंजिनाचे फाउंडेशन बदलताना

गाडी २००७ ची पेट्रोल स्विफ्ट, एमएच १५ पासिंग, १२९८ सीसीचं जुनं इंजिन. पळायला अजून खणखणीत. पण पावसाळा संपता संपता मायको सर्कलच्या सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगमधून हाताला मुंग्या यायला लागल्या. एसी लावला की आरशातली मागची बस दोन-दोन दिसायची. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की पुढून कुठूनतरी ‘धप्प’. थंडी पडल्यावर हे सगळं आणखी वाढलं, विशेषतः सकाळी. नाशिकच्या थंडीत रबर कडक होतं आणि इंजिन तापेपर्यंत तसंच राहतं, हे तेव्हा डोक्यात आलं आणि संशयाची सुई इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी फाउंडेशनकडे वळली.

एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच क्लचप्लेट सांगितली. दुसरा म्हणाला, “फाउंडेशन गेलेत साहेब, तिन्ही टाका.” दुसऱ्याचं म्हणणं पुढे खरं निघालं, पण बोनेट त्यानेही उघडलं नव्हतं. म्हणून ठरवलं, आधी स्वतः बघायचं आणि जमलं तर स्वतःच करायचं.

फाउंडेशन किंवा माउंटिंग म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मधे भाजून चिकटवलेलं रबर. आडव्या बसवलेल्या इंजिनाला बहुतेक गाड्यांत तीन असतात. एक ड्रायव्हर साइडला, टायमिंगच्या बाजूने इंजिन धरणारं. दुसरं क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, गिअरबॉक्सवर. तिसरं मागे खाली, टॉर्क रॉडचं. वरची दोन वजन पेलतात. मागचं वजन फारसं उचलत नाही, ते इंजिनाला पुढे-मागे गरगरू देत नाही.

वजन पेलणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम वेगळंच आहे. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला ७५० फेरे धरले तर सेकंदाला साडेबारा फेरे होतात, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे सेकंदाला पंचवीस धक्के, आणि ते सगळे रबराने गिळायचे. त्यात पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर बारा-पंधरा पटीने वाढून चाकांकडे जातो. चाकं जेवढ्या जोराने पुढे फिरतात, तेवढ्याच जोराने इंजिन आणि गिअरबॉक्सचा अख्खा गठ्ठा उलटा फिरायला बघतो. त्याला थोपवणारी माणसं तीनच. म्हणून रबराला एकाच वेळी मऊही राहावं लागतं आणि घट्टही. वर्षानुवर्षांची उष्णता, त्यावर ठिबकलेलं तेल आणि उन्हाळ्यातलं रोजचं ट्रॅफिक, एवढं झाल्यावर ते दबतं, चिरतं, नाहीतर लोखंडापासून सुटतं.

पण थरथर म्हणजे फाउंडेशनच, असं लगेच समजू नये. एक सिलिंडर नीट पेटत नसेल तरी गाडी अशीच थरथरते आणि मग नवी फाउंडेशन टाकून काही फरक पडत नाही. ओळखायची खूण अशी, की पेटण्यात गडबड असेल तर इंजिन लंगडतं, ठेका चुकतो. फाउंडेशन गेलं असेल तर ठेका एकसारखा असतो, फक्त तो सगळा तुमच्या सीटपर्यंत पोचतो, आणि रेस मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या वर नेली की बराचसा ओसरतो. मी चारही प्लग काढून पाहिले. सगळ्यांच्या टोकांचा रंग सारखाच फिका तपकिरी, एकही काळा किंवा तेलकट नाही. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत काजळी होती, ती साफ केली. आयडल जरा सुधारलं, धप्प तशीच राहिली.

मग खरी परीक्षा. हँडब्रेक ओढला, चारही चाकांना विटा लावल्या आणि मुलीला ड्रायव्हर सीटवर बसवलं. शेजारचे काका मायको कारखान्यातून निवृत्त झालेले. पार्किंगमध्ये पान्याचा आवाज झाला की ते खाली येतातच.

“बाबा, सोडू क्लच?”

“हळू. ब्रेकवरचा पाय मात्र काढायचा नाही. गाडी पुढे सरकायला लागली की लगेच क्लच दाब.”

मी आणि काका बाजूला, फेंडरजवळ. अशा वेळी गाडीच्या तोंडासमोर कुणीही उभं राहायचं नाही, घरचं माणूस आत असलं तरी. पहिल्या गिअरमध्ये क्लच पकडायला लागला तसं इंजिनाचं डोकं डॅशकडे गेलं. रिव्हर्समध्ये रेडिएटरकडे आलं आणि क्लच दाबताच धाडकन मागे पडलं. बोटभर हलणं चालतं. इथे दोन बोटांहून जास्त होतं.

“अरे, हे जागेवर नाहीच,” काका म्हणाले. “आणि ड्रायव्हर साइडला बघ, रबर उघडं पडलंय. ओलं आहे तिथे.”

ओलं होतं ते टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपलेलं इंजिन ऑइल. माझ्या मते घरी काम करणाऱ्याने सगळ्यात आधी हेच बघायला हवं. माउंटिंगमधल्या नैसर्गिक रबराचं आणि तेलाचं वैर आहे. तेलात भिजलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि हळूहळू पिठासारखं सुटायला लागतं. गळती तशीच ठेवून नवं माउंटिंग बसवलं तर नवंही त्याच वाटेने जाणार. म्हणून पॅकिंग आधी बदललं. ते काम सोपं, त्यावर जास्त लिहीत नाही.

सामानासाठी नाशिकातल्या द्वारकेपासून वडाळा नाक्यापर्यंतची दुकानं पालथी घातली. काउंटरवर ठरलेला प्रश्न, “दादा, कंपनीचं देऊ का लोकल?” लोकल जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होतं. दोन्ही हातात घेऊन पाहिली. लोकलचं रबर नखाने दाबलं तरी दबेना. इतकं कडक रबर इंजिन जागेवर धरून ठेवेल, पण सेकंदाला पंचवीस धक्के गिळण्याऐवजी तसेच्या तसे बॉडीला देईल. ज्या कारणासाठी बदलायचं तेच शिल्लक राहणार. वरच्या दोन्हीत मी काटकसर केली नाही. चॅसिस नंबर देऊनच माउंटिंग काढून घेतली, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्ष आणि इंजिन बदललं की ब्रॅकेटची भोकं बदलतात. डबा उघडून रबरावर बारीक भेगा आहेत का तेही तिथेच बघितलं. रबर दुकानातल्या फळीवरसुद्धा म्हातारं होतं.

तिन्ही एकदम का, असा प्रश्न बायकोनेही विचारला. “अहो, एकच गेलंय ना? मग तीनचा खर्च कशाला?” फाटलेलं एकच दिसत होतं हे खरं. पण एक दबून खाली बसलं की त्याचा भार उरलेल्या दोघांवर जातो आणि तीही वाकडी दाबली जातात. एकच नवं घातलं तर जुन्यांच्या बैठकीशी त्याची उंची जुळत नाही आणि सगळी ओढाताण त्या नव्यावर येते. गाडी पाच-सात वर्षांची असती तर मी एकावर भागवलं असतं. एवढ्या जुन्या गाडीत नाही.

कामाला थंडीतला शनिवार धरला, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना. सोसायटीचं पार्किंग पेव्हर ब्लॉकचं आहे. जॅकखाली ते ब्लॉक एकेक करून खचतात आणि वर गाडी कलते, म्हणून जाड प्लायवुडचे तुकडे अंथरून त्यावर स्टँड ठेवले. सेक्रेटरी वरून एकदा डोकावून “तेल सांडू नका हं” म्हणून गेले. खाली पुठ्ठे आधीच पसरले होते. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, ‘फक्त एक मिनिट’ म्हणूनसुद्धा नाही.

दुसरा जॅक, काकांचा ट्रॉलीचा, इंजिनाखाली. त्याचं डोकं थेट ऑइल सम्पला, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्याला, लावायचं नाही. सम्प पत्र्याचा असेल तर पोचा पडतो, आणि आत तेल ओढणारी जाळी तळाच्या अगदी जवळ असते. पोचा त्या जाळीला टेकला की इंजिनाला तेल कमी पडतं. आपण तर फाउंडेशन बदलायला बसलेलो असतो. मधे रुंद फळी घातली आणि जॅक सावकाश वर घेतला. शंभर किलोच्या वरचं ओझं आहे, पण ते उचलायचं नसतं, फक्त पेलायचं असतं. जॅक पुरेसा वर आला हे कसं कळतं? माउंटिंगच्या बोल्टचा पहिला आटा सुटल्यावर तो हाताने फिरायला लागतो. अजून घट्ट चावत असेल तर इंजिन त्यावर लटकलेलं आहे किंवा खालून जास्त रेटलं गेलंय. असा बोल्ट जोर करून काढला की शेवटच्या आट्याला इंजिन उसळी मारतं.

आणि एका वेळी एकच. तिन्ही एकदम सोडली की इंजिन कुठल्या बाजूला घसरेल, कुठला होज आणि कुठली वायर ताणली जाईल ते सांगता येत नाही.

ड्रायव्हर साइडचं सरळ निघालं. हातात घेतलं तेव्हा मधला लोखंडी गाभा रबरातून जवळपास सुटलेला, बोटाने गोल फिरत होता. नव्याशेजारी ठेवल्यावर गाभ्याच्या उंचीत चांगला फरक दिसला. इतकी वर्षं इंजिन त्या बाजूने तेवढं खाली बसलेलं होतं. म्हणूनच नवं बसवताना भोकं जुळत नाहीत. अशा वेळी बोल्ट तिरका घालून पान्याने ओढून घ्यायचा मोह होतो. तो आवरायचा आणि जॅक केसभर वर, केसभर खाली करत राहायचं. पुढे-मागे फरक असेल तर एका भोकात स्क्रूड्रायव्हर घालून गठ्ठा हलकेच रेटायचा आणि दुसऱ्या भोकात बोल्ट हाताने सुरू करायचा. पहिले तीन-चार आटे हातानेच गेले पाहिजेत. पान्याने सुरू केलेला बोल्ट अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटचे आटे खातो, आणि मग माउंटिंगच्या किमतीत बसत नाही असं काम उभं राहतं.

क्लीनर साइडला खरी कुस्ती झाली. गिअरबॉक्सवरचं फाउंडेशन बॅटरीच्या ट्रेखाली लपलेलं असतं. बॅटरी काढायची, आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह, नंतर ट्रे काढायचा. ट्रेखाली पाहिलं तर पांढरी-हिरवी बुरशी चढावी तसं काहीतरी. जुन्या बॅटरीतून वर्षानुवर्षं उडालेल्या अॅसिडने बोल्टांची डोकी खाल्लेली. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला, फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहिलो, मग धुऊन कोरडं केलं. बोल्टांच्या मुळाशी डब्ल्यूडी-४० मारून जेवायला वर गेलो. गंजाला वेळ द्यावा लागतो. तो तेल पिऊन सैल होतो, आपण चिडून नाही.

परत आल्यावर दोन बोल्ट कुरकुरत आले. तिसरा हलेना. मी पान्याला पाइप लावला तसे काका म्हणाले, “थांब. आधी घट्ट कर.”

“घट्ट?”

“जरासा. कट्ट आवाज झाला की गंज फुटला. मग उलटा फिरव. आणि एकदम काढायला जाऊ नको, अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत.”

चाळीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस बोलत होता. तसंच केलं. बोल्टाच्या डोक्यावर सरळ हातोडीचे दोन-चार ठोके, मग घट्ट करायच्या दिशेने जेमतेम एक ओढा. आवाज झाला. त्यानंतर अर्धा बाहेर, पाव आत, मधेमधे तेल, असं करत बोल्ट अख्खा हातात आला. तापवून काढण्याचा मार्गही असतो, पण पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग आणि रबर हाताच्या अंतरावर असताना पार्किंगमध्ये गॅसचा बर्नर पेटवणं मला पटत नाही. तो बोल्ट तुटला असता तर गाडी टो करून नेली असती. भोकाचे आटे तारेच्या ब्रशने आणि आटे पाडायच्या टॅपने साफ केले, बोल्ट मात्र नवे घातले, त्याच ग्रेडचे. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. तो न बघता हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट इथे घालू नये.

मागचं टॉर्क रॉडचं खालून करायचं. जागा अडचणीची, बाकी काम किरकोळ. त्याच्या रबरातून आरपार उजेड दिसत होता, म्हणजे रिव्हर्सची धप्प बहुधा तिथूनच येत होती. ज्या गाड्यांत या ठिकाणी अख्खा रॉड न मिळता नुसता बुश मिळतो, तिथे प्रेस लागते. तो बुश हातोडीने ठोकून बसवू नये. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस असलेलं वर्कशॉप शोधावं आणि तेवढंच काम करून घ्यावं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. माउंटिंग बदललेल्या गाड्या ‘फरकच पडला नाही’ म्हणून परत येतात, त्याचं एक मोठं कारण सामानात नसतं, शेवटच्या आवळण्यात असतं. जॅकवर जरा उचललेल्या, जरा तिरक्या इंजिनावर बोल्ट आवळला की रबर त्याच पिळात कैद होतं. जॅक काढल्यावर इंजिन आपल्या जागी जायला बघतं आणि रबर मान अवघडून झोपलेल्या माणसासारखं कायम ताणात राहतं. एका बाजूने आधीच दबलेलं रबर धक्के गिळत नाही आणि फाटतंही लवकर.

म्हणून तिन्ही जागचे बोल्ट आधी फक्त टेकेपर्यंत घातले, आटे पुरेसे आत, पण आवळलेले नाहीत. इंजिनाखालचा जॅक काढला. गाडी स्टँडवरून उतरवून चाकांवर उभी केली, म्हणजे अॅक्सलही आपापल्या नेहमीच्या कोनात आले. बॅटरी जोडून इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू केलं आणि थोडा वेळ आयडलला चालू दिलं. रेस करायची नाही, गिअर टाकायचा नाही, बोल्ट अजून सैल आहेत. इंजिन त्या थरथरीत स्वतःच आपली जागा शोधतं. डोळ्यांनी फारसं काही दिसत नाही, पण ड्रायव्हर साइडचा गाभा रबराच्या अगदी मध्यावर आला होता. आधी तो पुढच्या बाजूला झुकलेला होता. मग बंद करून किल्ली काढून घेतली आणि आवळायला लागलो. आधी वरची दोन, शेवटी टॉर्क रॉड. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना, वापरला; आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधले. ‘हाताला कळतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टाच्या बाबतीत माझा माझ्या हातावर तेवढा विश्वास नाही.

पहिल्यांदा रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला. धप्प नाही. मुलीने मागच्या सीटवरून विचारलं, “गेला का रिव्हर्स?”

त्र्यंबक रोडला जाऊन आलो. सगळ्यात जास्त फरक गिअर बदलण्यात जाणवला, आणि याची मला अपेक्षा नव्हती. दुसऱ्यातून पहिल्यात येताना लिव्हर जरा अडायचा. तो दोष मी इतकी वर्षं गिअरबॉक्सच्या माथी मारत होतो. खरं तर इंजिन पुढे-मागे झुलत होतं आणि गिअरच्या केबलींनाही सोबत ओढत होतं. सिग्नलवर स्टिअरिंग शांत झालं, पण पूर्ण नाही. नवं रबर सुरुवातीला जरा ताठ असतं, थोडी गाडी चालली की बसतं. काही दिवसांनी फरक आणखी जाणवला. एसी लावल्यावर अजूनही बारीक थरथर येते. कॉम्प्रेसर पकडताना आयडल खाली पडतं आणि पुरेसं सावरत नाही, त्यामुळे ते दुखणं वेगळं आहे, त्याचा माउंटिंगशी संबंध नाही.

पाचेकशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले. गिअरबॉक्सवरचा एक किंचित फिरला, बाकी जागेवर. त्याच वेळी सायलेन्सर लटकवायची रबरं आणि पुढचा लवचीक पाइप बघून घेतला. इंजिन इतकी वर्षं हलत असताना या दोघांनी मार खाल्लेला असतो. पाइप ठीक होता. रबरं लोंबायला लागली होती, ती बदलली. बॅटरीच्या ट्रेला गंजरोधक रंग मारून आता खाली जाड रबरी मॅट घातली आहे, आणि दर महिन्याला टर्मिनलभोवती पांढरं काही जमतंय का ते बघतो.